दुसरं कडवं

आज सकाळी ड्रेसिंग करताना हे म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी गायलीस." मी म्हटलं, "मी कुठे गायले?" तर म्हणाले, "अगं, टिळकांचं पद होतं. पहिलं कडवं झालं आणि थांबलीस." टिळक म्हणजे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक.

दिवसभर तेच डोक्यात. खरंच गात होते? आणि कशासाठी? ऑपरेशन करून यांचा अंगठा काढला त्याला २१ दिवस झाले, जखम अजून ओलीच आहे. सलाईनने धुवायची, कडा टिपायच्या, आतपर्यंत गॉझ सारायचा. जुना गॉझ ओढताना हे पलंगाची कड घट्ट धरतात, तोंडातून ब्र काढत नाहीत. आणि मी तेव्हा गुणगुणत होते? आधी लाज वाटली. मग चीड आली. तीन आठवडे धड झोप नाही, दुकानाचं तर... असो. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाया येतात, प्रार्थना करतात, निघताना "आनंदी राहा" म्हणतात. बायबलमध्ये प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्रात तेच लिहिलंय, तेही तुरुंगातून. वचन लहानपणापासून पाठ आहे. या महिन्यात घशाखाली उतरत नाही. माझी साक्ष, म्हणजे देवाचा मला आलेला अनुभव, कुणी विचारला तर काय सांगू?

दुपारी औषधं आणायला गेले, तर रिक्षा ठाण्याच्या तुरुंगाजवळ अडकली. मुळात हा किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला; १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. त्या भिंतीकडे बघताना तुरुंगात टाकलेले पौल आणि त्याचा सोबती सीला आठवले. घरी येऊन बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सोळावा अध्याय काढला. किती वेळा वाचलाय! पण मला भूकंप आणि उघडलेली दारंच आठवत होती. फटके खाल्लेले, पाय खोड्यात, आणि मध्यरात्री दोघे गातात, हे पंचविसाव्या वचनात. तुरुंगाच्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या, ते तेहतिसाव्या वचनात. म्हणजे गात होते तेव्हा जखमा तशाच होत्या, कुणी धुतलेल्याही नव्हत्या.

पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवून बसले होते. मी या जखमेची वाट बघत होते. भरली की गाईन, असं मनाशी ठरवलेलं.

टिळकांनी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला १८९५ मध्ये, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली वर्षं त्या दोघांनी कशी काढली असतील, हाही विचार येऊन गेला.

आणि त्याच पंचविसाव्या वचनात आहे की बाकीचे बंदिवान ऐकत होते. हेही ऐकत होते सकाळी, पलंगाची कड धरून. मला वाटलं त्यांना लागलं असेल माझं गाणं. पण त्यांनी तर कडवं मोजलं होतं.

मघाशी उशी नीट करताना विचारलं, "पुढचं कडवं येतं का तुम्हाला? मला आठवेना." त्यांनी डोळे मिटूनच पहिली ओळ सांगितली. उद्या गॉझ बदलताना तिथून सुरू करते.