कार्टरांचा पेपर

"मामा, कार्टर माणूस चांगला होता, पण अध्यक्ष म्हणून दुबळा. बरोबर ना?"

भाच्याने न्यू जर्सीहून फोनवर हे विचारलं आणि मला हसू आलं. तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा धडा आला की मागच्या बाकावरून कोणीतरी हेच विचारायचं, जवळजवळ याच शब्दांत. आता निवृत्त झालो तर पालघरच्या मैदानावर सकाळी फिरायला येणारे विचारतात. वर्गात असताना वेळ मारून नेता यायची, "पुढच्या तासाला बघू" म्हणून. आता पुढचा तास नाही. तेव्हा भाच्याने विचारलंच आहे तर एकदाच नीट सांगून टाकतो.

भाच्याच्या घरात हा विषय निघण्याला कारण होतं. 2024 च्या नोव्हेंबरात त्याने एका बाजूला मत दिलं, त्याच्या बायकोने दुसऱ्या. तेव्हापासून जेवताना "आमटी दे, पोळी दे" यापलीकडे राजकारण बोलायचं नाही असं ठरलं होतं. 29 डिसेंबरला जिमी कार्टर वयाच्या शंभराव्या वर्षी गेले, तेव्हा दोघांना वाटलं, चला, हा विषय तरी बिनधोक. तोही बिनधोक निघाला नाही. 7 जानेवारीला कार्टरांचं पार्थिव वॉशिंग्टनला आणलं आणि त्याच दिवशी ट्रंप पत्रकारांसमोर म्हणाले की या माणसाने पनामा कालवा एका डॉलरला देऊन टाकला. झालं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हरलेल्या अध्यक्षावरून एडिसनमधल्या एका मराठी स्वयंपाकघरात पुन्हा वाजलं.

माझंही या माणसाशी जुनं नातं आहे. मी बोईसरचा. वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात फिटर होते. 1969 साली सुरू झालेल्या त्या दोन अमेरिकन अणुभट्ट्या अमेरिकेतून येणाऱ्या समृद्ध युरेनियमवर चालायच्या. 1963 च्या करारात अमेरिकेने तीस वर्षं इंधन पुरवायचं कबूल केलं होतं. मग आपण 1974 साली पोखरणला स्फोट केला, आणि 10 मार्च 1978 रोजी कार्टरांनी एका कायद्यावर सही केली. ज्या देशाच्या सगळ्या अणुकेंद्रांना आंतरराष्ट्रीय तपासणी मान्य नाही, त्याला इंधन नाही. करार जुना, अट नवी. आमच्या घरी तेव्हा 'कार्टर' हे नाव शेजारच्या भांडखोर माणसाचं घ्यावं तसं घेतलं जायचं. "इंधन पुरवून पुरवून वापरतायत," वडील पाटावर बसता बसता म्हणायचे, "आणि तो तिकडे शेंगदाणे पेरतोय." शेंगदाण्याची शेती त्यांनी अध्यक्ष होण्याआधी केली होती, पण वडिलांना ते कोण सांगणार?

या कायद्याच्या दोनच महिने आधी कार्टर दिल्लीला येऊन गेले होते. तिथे माइक चालू आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. इंधन देतो म्हटलं तरी पंतप्रधान मोरारजी देसाई काही विरघळले नाहीत, परत गेल्यावर त्यांना एक थंड, रोखठोक पत्र लिहायला हवं, असं ते आपल्या परराष्ट्रमंत्र्याच्या कानात बोलले आणि ते जगाने ऐकलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मोरारजींचा हट्ट पाहिलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटलं नसेल. मला आज वाटतं, त्या खोलीत एकाच जातकुळीची दोन माणसं बसली होती. दोघेही देवभोळे, दोघेही पहाटे उठणारे, आणि आपलं म्हणणं नैतिक आहे म्हटल्यावर दुसऱ्याची अडचण न दिसणारे.

तर दुबळेपणाबद्दल. माझं मत लोकांच्या उलट आहे. कार्टर हटवादी होते, आणि त्यांचं जे काम टिकलं ते हट्टातूनच झालेलं आहे. जिथे त्यांनी दुसऱ्याचं ऐकलं, तिथे फसले.

कॅम्प डेव्हिडच घ्या. सप्टेंबर 1978. इजिप्तचे सादात आणि इस्रायलचे बेगिन यांना त्यांनी डोंगरातल्या लाकडी बंगल्यांमध्ये तेरा दिवस ठेवून घेतलं. सुरुवातीच्या बैठकांत दोघांची इतकी जुंपली की कार्टरांनी त्यांना समोरासमोर बसवणंच सोडून दिलं. मग एका बंगलीतून दुसऱ्या बंगलीत कागद घेऊन स्वतः फिरायचं. आपल्याकडे लग्न मोडायला आलं की एखादा मामा दोन्ही वऱ्हाडांत फेऱ्या मारतो, तसं. मसुद्यावर मसुदे झाले, तेवीस की काय. शेवटच्या दिवशी बेगिन जेरुसलेमच्या मुद्द्यावर अडले आणि सामान बांधायला निघाले. बेगिनना नातवंडांसाठी तिघांच्या सह्यांचे फोटो हवे होते. कार्टरांच्या सचिव बाईंनी इस्रायलला फोन करून प्रत्येक नातवंडाचं नाव मिळवलं, कार्टरांनी एकेका फोटोवर एकेक नाव लिहिलं आणि ते स्वतः बेगिनच्या बंगलीत नेऊन दिले. म्हातारा एकेक नाव मोठ्याने वाचू लागला आणि त्याचा आवाज अडकला. त्यानंतर बोलणं पुन्हा सुरू झालं. मार्च 1979 मध्ये तहावर सह्या झाल्या. 1948 ते 1973 या पंचवीस वर्षांत हे दोन देश चार वेळा लढले होते, त्यानंतर आजपर्यंत एकदाही नाही. पॅलेस्टिनी लोकांच्या वाट्याला मात्र त्या कागदांतून शब्दांपलीकडे काही आलं नाही, आणि ते उणं त्याच पानावर मांडायला हवं. सादातांना तर त्यासाठी जीव द्यावा लागला.

पनामाचंही तसंच. कालवा परत देण्याच्या करारांना सिनेटमध्ये सदुसष्ट मतं हवी होती. दोन्ही करारांना 68 विरुद्ध 32, म्हणजे एकच मत शिल्लक. लोकमत विरोधात होतं, पुढे अध्यक्ष झालेले रेगन गावोगाव "तो आपला आहे" म्हणून फिरत होते. कार्टरांच्या जागी कोणीही शहाणा राजकारणी असता तर त्याने हे काम दुसऱ्या कारकिर्दीवर ढकललं असतं. त्यांनी पहिल्याच वर्षी हात घातला. 1999 च्या शेवटच्या दिवशी कालवा पनामाला मिळाला आणि जहाजं जात राहिली. दिला नसता तर काय झालं असतं, याची किंमत कोणी मोजत नाही. जे युद्ध झालंच नाही त्याचं स्मारक कुठे बांधणार? भाच्याची बायको हे ऐकून "बघ!" असं काहीतरी म्हणाली. भाचा गप्प. मी पुढे गेलो, कारण पुढचं तिला आवडणार नव्हतं.

इराण. 31 डिसेंबर 1977 च्या रात्री तेहरानमध्ये इराणचा राजा शाह याच्या मेजवानीत कार्टरांनी पेला उंचावून इराणला अशांत भागातलं स्थैर्याचं बेट म्हटलं. मानवी हक्क हा आपल्या परराष्ट्र धोरणाचा आत्मा आहे असं सांगणारा माणूस, आणि ज्याच्या गुप्त पोलिसांच्या नावाने लोक थरथरायचे त्याचं कौतुक! वर्षभरात ते बेट क्रांतीत बुडालं. मग परागंदा शाहला उपचारासाठी अमेरिकेत घ्यायचं की नाही हा प्रश्न आला. कार्टर कित्येक महिने नको म्हणत होते. माजी परराष्ट्रमंत्री किसिंजर, बँकवाले रॉकफेलर, स्वतःचे सल्लागार, सगळे मागे लागले. एका बैठकीत त्यांनी विचारलं होतं की उद्या आपल्या वकिलातीतली माणसं ओलीस धरली तर तुम्ही मला काय सल्ला द्याल? कोणापाशी उत्तर नव्हतं. शेवटी ऑक्टोबर 1979 मध्ये त्यांनी होकार दिला. दोन आठवडे होत नाहीत तोच, 4 नोव्हेंबरला, तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीच्या भिंतीवर पोरं चढली.

बावन्न माणसं ओलीस, 444 दिवस. मधे वाळवंटात सुटकेची मोहीम काढली. आठ हेलिकॉप्टरपैकी तीन निकामी, किमान सहा हवी होती, म्हणून परत फिरायचं ठरलं, आणि परत फिरताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जवान गेले. मोहिमेला विरोध असलेल्या परराष्ट्रमंत्री व्हान्स यांनी राजीनामा दिला.

आणि योग बघा. 1980 च्या निवडणुकीत मतदानाचा दिवस आला तो 4 नोव्हेंबर, बरोबर वर्षश्राद्धाचा. टीव्हीवर आदल्या रात्री तेच, त्या दिवशी तेच. रेगनना 489 प्रतिनिधी-मतं, कार्टरांना 49. महागाईने लोक आधीच पिचलेले, स्वतःच्या पक्षात एडवर्ड केनेडी ऑगस्टपर्यंत आव्हान देत राहिलेले, त्यात हे. ओलीस सुटले 20 जानेवारी 1981 ला, रेगननी शपथ घेतल्यावर काही मिनिटांनी. सुटकेचा करार कार्टरांच्या माणसांनी अल्जीरियाच्या मध्यस्थीने रात्र रात्र जागून केला होता. पीक कार्टरांनी घेतलं, खळं रेगनचं झालं.

त्या निकालावरून जो शेरा बसला, 'दुबळा', तो अजून पुसला गेलेला नाही. पण त्याच दुबळ्या माणसाने रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरण्याच्या पाच-सहा महिने आधी, जुलै 1979 मध्येच, तिथल्या बंडखोरांना गुप्त मदत देण्यावर सही केली होती. ती वाट पुढे कुठे गेली हे आपल्याला इथे बसून चांगलं माहीत आहे. फौजा शिरल्यावर त्यांनी पाकिस्तानला चाळीस कोटी डॉलर देऊ केले. झिया-उल-हकनी ते "पीनट्स" म्हणून झिडकारले. इंग्रजीत त्याचा अर्थ चिल्लर, आणि समोरचा माणूस शेंगदाण्याचा शेतकरी! झियांबद्दल माझं मत काहीही असो, हा टोला मात्र जमला होता. माझ्या वडिलांनी ऐकला असता तर जेवता जेवता ठसका लागला असता.

रशियाला धडा म्हणून धान्य बंद केलं, त्याचा फटका अमेरिकेतल्याच शेतकऱ्यांना बसला. मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. पाकिस्तान नाही, पश्चिम जर्मनी नाही, हॉकीच्या मैदानात उरले सहा संघ. आपण टांझानियाला अठरा गोल मारले. 29 जुलैला अंतिम सामन्यात स्पेनला 4-3 ने हरवलं. मी चौदा वर्षांचा होतो, रेडिओला कान लावून बसलो होतो आणि चौथ्या गोलानंतर ओट्यावर नाचलो. वडील दारात उभे राहून म्हणाले, "नाच. कार्टरने दिलंय." तेव्हा खूप राग आला होता. ते आपलं हॉकीतलं आजवरचं शेवटचं ऑलिंपिक सुवर्ण आहे, त्यामुळे तो राग अजून पूर्ण गेलेला नाही.

आता माझ्या हट्टाच्या सिद्धांताला जिथे तडा जातो ते सांगतो. अफगाणिस्ताननंतर कार्टरांना भारत दुखवायचा नव्हता. 1980 मध्ये तारापूरसाठी 38 टन इंधनाची मागणी त्यांच्याच अणुनियामक आयोगाने फेटाळली, 1978 च्या त्यांच्याच कायद्यावर बोट ठेवून. कार्टरांनी तो नकार बाजूला सारला. प्रतिनिधीगृहाने त्यांच्याविरुद्ध मोठ्या बहुमताने मत दिलं. 24 सप्टेंबरला सिनेटमध्ये मतदान झालं आणि ते 48 विरुद्ध 46 ने तरले. निवडणूक सहा आठवड्यांवर, स्वतःच्या तत्त्वाला स्वतःच मुरड घातलेली, आणि तीही अशा देशासाठी जिथून एक मत मिळणार नाही. वडिलांनी त्या दिवशी पेपर दोनदा वाचला. कार्टरांबद्दल चांगलं ते बोलले नाहीत, पण जेवताना शेंगदाण्याचा विषयही काढला नाही.

म्हणजे माझ्या हिशेबाने जिथे ते वाकले तिथे चुकले. आणि आमच्या घराच्या हिशेबाने ते एकदाच वाकले आणि तेव्हाच बरोबर वागले. हे दोन्ही कसं बसवायचं, मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

लोक मध्येच दोन गोष्टी सांगतात. एक, त्यांची आई लिलियन 1966 साली अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संस्थेतून नर्स म्हणून आली आणि विक्रोळीत गोदरेजच्या वसाहतीत राहून जवळजवळ दोन वर्षं गोरगरिबांची सेवा करून गेली. खरं आहे, आणि फार लोभस आहे. दुसरी, नारू, म्हणजे कातडीखाली वाढणाऱ्या लांब जंताचा रोग. माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा व्रण होता. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढत तो कसा काढला हे ती आम्हाला जेवताना सांगायची. आपल्याकडचा नारू आपल्याच सरकारने घालवला, पण 1986 साली जगात त्याचे पस्तीस लाख रोगी होते, ते 2024 मध्ये पंधरावर आले, त्यामागे कार्टरांच्या संस्थेचा मोठा हात. फक्त हे सगळं अध्यक्षपदाच्या खात्यावर जमा करू नका. आईची पुण्याई आणि निवृत्तीनंतरचं काम धरून गुण वाढवायचे, तर मग माझ्या वर्गातला एकही मुलगा नापास झाला नसता.

एवढं सगळं फोनवर सांगून झालं. भाचा म्हणाला, "म्हणजे दुबळा नव्हता." मी म्हटलं, "नव्हता." तेवढ्यात त्याच्या बायकोने फोन ओढून घेतला. "मामा, इकडचं तिकडचं नको. शंभरपैकी किती देता ते सांगा."

मी म्हटलं, "पोरी, बाकीचे पेपर तपासून देतो. तारापूरचा दुसऱ्या कोणाकडे पाठव. घरचा संबंध असला की परीक्षकाने तो पेपर हातात घ्यायचा नसतो."