दोन वाजताचा गजर

डॉक्टरांची चिठ्ठी चार ओळींची होती. छातीत धडधड, रात्री झोप नाही. ईसीजी, रक्ततपासणी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. नैराश्याच्या प्रश्नावलीत मध्यम गुण. गोळ्या नको म्हणतात, समुपदेशनासाठी नाव घातलं आहे. आणि शेवटी एक वाक्य: "आई वारली, तेव्हापासून घरीच असतात. एकदा भेटाल का?"

मी इंग्लंडमध्ये जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात लिंक वर्कर म्हणून काम करते. औषधाने भागणार नाही असं ज्याच्याबाबत डॉक्टरांना वाटतं, तो माणूस माझ्याकडे येतो. मी त्याला आसपासच्या माणसांशी, गटांशी, मदतीच्या ठिकाणांशी जोडून देते. याला सोशल प्रिस्क्रायबिंग म्हणतात. कल्पना नवी नाही. पूर्व लंडनमधलं ब्रॉम्ली बाय बो सेंटर १९८४ पासून याच वाटेवर आहे. तिथे दवाखाना, बाग, कलेचे वर्ग आणि कर्जाबद्दलचा सल्ला एकाच ठिकाणी मिळतो. पण जानेवारी २०१९ मध्ये एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, आपल्या दीर्घकालीन आराखड्यात हजाराहून जास्त लिंक वर्कर नेमायचं ठरवलं, आणि तेव्हा हे काम देशभर पोचलं. डॉक्टरांकडे एका माणसासाठी दहा मिनिटं असतात. माझ्याकडे पहिल्या भेटीला तासभर असतो, आणि या कामात त्या तासाइतकी मोलाची दुसरी गोष्ट नाही.

त्या बाईंची ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत. वय साठीकडे झुकलेलं. आल्या त्या अंगातला कोटही न काढता खुर्चीच्या कडेवर बसल्या. "डॉक्टरांनी उगाच तुमचा वेळ घेतला," म्हणाल्या. फोन मांडीवर, स्क्रीन वरच्या बाजूला.

काय होतंय हे त्यांना सगळ्यांनी विचारून झालं होतं. मी विचारलं, दिवस कसा जातो? सकाळपासून सांगा. तर त्यांनी आईचा दिवस सांगायला सुरुवात केली. सहाला कूस बदलायची, सातला अंग पुसायचं, आठला पहिल्या गोळ्या. आधी अर्धांगवायू, मग स्मृतिभ्रंश; अकरा वर्षं. त्याआधी त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सर्किट बोर्ड जोडायच्या. ते सोडलं. सांगताना सगळी क्रियापदं वर्तमानकाळातली होती. मी त्यांना मध्ये थांबवलं नाही.

मग दोन वाजले आणि फोन वाजला. स्क्रीनवर लिहिलेलं मला समोरून दिसलं: "आई, दुपारच्या गोळ्या". बाई उठून उभ्या राहिल्या. पर्स खांद्याला लावली, दाराकडे एक पाऊल टाकलं आणि तिथेच थांबल्या. मग सावकाश येऊन बसल्या. गजर वाजतच होता. बऱ्याच वेळाने त्यांनी तो बंद केला.

"दिवसातून चार वेळा वाजतो," त्या म्हणाल्या. "काढून टाकला तर मला कुठेच वेळेवर जायचं उरणार नाही."

इतकी वर्षं हे काम करतेय, पण एकटेपणाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. माणसं आजूबाजूला नसणं हा त्यातला एक भाग झाला. आपली कुणाला वाट पाहायची नाही, आपण उशिरा गेलो तरी कुणाचं काही अडणार नाही, हा दुसरा भाग, आणि तो जास्त पोखरतो. जीव नकोसा वाटतो का, असं मी त्यांना स्पष्ट शब्दांत विचारलं. हे मी प्रत्येकाला विचारते. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. "तसं नाही," त्या म्हणाल्या, "पण उद्या काय करायचं ते कळत नाही." डॉक्टरांना मी त्याच दिवशी तसं कळवलं. समुपदेशनाच्या यादीतलं त्यांचं नाव तसंच राहिलं. माझं काम उपचारांच्या जोडीने चालतं. उपचार काढून त्या जागी गाण्याचा वर्ग बसवायचा, असा कुणाचा समज असेल तर तो घातक आहे.

पुढच्या भेटीला मी त्यांना घरात आलेली, न उघडलेली पत्रं असतील तर आणा म्हटलं. त्या पिशवीभर पाकिटं घेऊन आल्या.

आमचं काम म्हणजे बागकाम, चित्रकला, सकाळचं फिरणं असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे पाकिटं फोडण्यातच जातात. आठवड्याला किमान ३५ तास एखाद्याची सेवा करणाऱ्याला इथे केअरर्स अलाउन्स मिळतो. ज्याची सेवा केली तो माणूस गेला की तो भत्ता ८ आठवड्यांनी थांबतो. म्हणजे अंत्यविधी, बँक, कागदपत्रं यांतून मान वर काढेपर्यंत उत्पन्न बंद. शिवाय घर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या पालिकेचं, आणि भाडेकरार आईच्या नावावर. करार एप्रिल २०१२ मध्ये नियम बदलले त्याच्या आधीचा होता आणि सुरुवातीपासून आईच्याच नावावर होता, म्हणून सोबत राहणाऱ्या मुलीला तो पुढे मिळण्याची शक्यता होती. करार दोन महिने नंतरचा असता, किंवा आईला तो आधीच वडिलांकडून मिळालेला असता, तर गोष्ट फार वेगळी झाली असती. सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेची वेळ मिळवली, तारखा लावून दिल्या. बाकी सगळे फॉर्म बाईंनी स्वतः भरले, एकटाकी, एकही खाडाखोड न करता. अकरा वर्षं तेच करत होत्या त्या. डोक्यावरचं छप्पर राहणार की जाणार हे ज्याला माहीत नाही, त्याला "जरा बाहेर पडत जा" असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं.

घराचं मार्गी लागल्यावर विचारायची वेळ आली की आता काय करावंसं वाटतं. शोक करणाऱ्यांच्या गटाला त्यांनी साफ नकार दिला. "वर्तुळात बसून रडायचं? नाही जमणार." समूहगानालाही नाही. मग त्यांनीच सुचवलं: कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असेल तर मी जाऊन बसेन. हे ऐकून होकार देणं अगदी सोपं होतं. पण माझ्या वरिष्ठ सहकाऱ्यांशी मी अशा बाबतीत आधी बोलते, आणि त्यांचं मत माझ्यासारखंच पडलं: इतक्यात नको. सेवा करून करून थकलेला माणूस स्वतःच्या दुःखाकडे पाहायचं टाळायला पुन्हा दुसऱ्या कुणाच्या सेवेत शिरतो, आणि वर्षभरात आणखी खचून परत येतो. बाईंना मी तसंच सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

वाट निघाली ती बोलता बोलता. आईला रेडिओ लागायचा, आणि तो सारखा बिघडायचा. "मीच उघडायचे," म्हणाल्या, आणि हे सांगताना त्यांचे हात पहिल्यांदा मांडीवरून उठले. झाकण कसं काढायचं, कुठला स्क्रू कधीच परत नीट बसायचा नाही, हे त्या हवेत करून दाखवत होत्या. मला रिपेअर कॅफे आठवला. २००९ साली अॅमस्टरडॅममध्ये पहिला भरला आणि मग जगभर पसरला: ठरलेल्या दिवशी लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि येणारे स्वयंसेवक त्यांच्या शेजारी बसून त्या दुरुस्त करतात. आमच्या भागात महिन्यातल्या एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तो भरतो. जरा विचार करून बाई म्हणाल्या, "बघून येईन."

"बघून येईन" याचा अर्थ बहुतेक वेळा "जाणार नाही" असा असतो. या कामातली सगळ्यात अवघड जागा कुठली असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, दार. पत्ता, वेळ, फोन नंबर हातात देऊन कुणी कुठे पोचत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी सोबत जाते. त्या वेळासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही, तरी जाते. त्याआधी गट चालवणाऱ्या गृहस्थांना फोन केला. म्हटलं, त्यांचं स्वागत करू नका, ओळखपाळख नको, तब्येत विचारू नका. एक खुर्ची आणि स्क्रूड्रायव्हर पुरे.

शनिवारी दहाच्या थोडं आधी आम्ही हॉलबाहेरच्या पार्किंगमध्ये पोचलो, आणि बाईंचे पाय थांबले. ओठ कोरडे, हात छातीवर. धडधड सुरू झाली होती. आम्ही बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मी त्यांना श्वास सावकाश सोडायला सांगितलं. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा म्हटलं. आज परत गेलो तरी चालेल, हेही सांगितलं आणि ते मनापासून होतं.

"आत कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर काय सांगू?" त्या म्हणाल्या.

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ बगलेत रेडिओ धरून आमच्यापाशी आले. दुरुस्तीचं ते इथेच का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणणार तोच बाई बोलल्या.

"काय होतंय त्याला?"

"खरखरतो फार."

"सारखा, की आवाज कमी-जास्त करताना?"

"करताना."

"मग सोपं आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांच्याबरोबर चालू लागल्या. दोघं आत गेली. मी मागून गेले, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

नंतरचा तासभर मी लांबच्या टेबलाशी बसून पाहत होते. आवाजाच्या बटणाआडच्या भागात धूळ साचली की रेडिओ खरखरतो. बाईंनी मागचं झाकण काढलं, त्या बारीक फटीत क्लीनरचा फवारा मारला आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिल्या. म्हातारबुवा टॉर्च धरून होते. मध्येच फोन वाजला. गोळ्यांचा गजर. बाईंच्या दोन्ही हातांत काम होतं. "जरा बंद करता का?" त्या म्हणाल्या.

त्यांनी स्क्रीनवरचं वाचलं. "आईला गोळ्या द्यायच्यात का?"

"नाही. ती गेली. मार्चमध्ये."

त्यांनी गजर बंद केला, फोन पालथा ठेवला आणि टॉर्च पुन्हा होता तिथे धरला. मग विचारलं, "कशा होत्या?" आणि बाई बोलायला लागल्या, मान वर न करता, बटण फिरवत. आई रेडिओवर काय ऐकायची, कुठल्या निवेदकावर चिडायची. मध्ये एकदा डोळे पुसले ते बाहीनेच, कारण बोटांना क्लीनर लागलेला होता. वर्तुळात बसून जे जमणार नाही म्हणाल्या होत्या, ते उघड्या रेडिओसमोर आपसूक होत होतं. समोरासमोर बसून बोलणं किती जणांना जड जातं हे मी रोज पाहते. शेजारी बसून, नजर हातातल्या कामावर ठेवून, तीच माणसं मोकळी होतात.

विजेच्या वस्तू परत देण्याआधी सुरक्षेची चाचणी होते. त्यात रेडिओ पास झाला. म्हातारबुवा तो लावून, आवाज पूर्ण वाढवून आणि पूर्ण कमी करून, समाधानाने गेले. गट चालवणाऱ्यांनी बाईंसमोर एक टेबल लॅम्प आणून ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. मी त्यांची ऋणी आहे.

एका शनिवारात कुणी बरं होत नाही. बाईंना अजून अधूनमधून धडधडतं. समुपदेशन सुरू झालं आहे, रविवार अजून जड जातात. पण आमच्याकडे एक प्रश्न शून्य ते दहा या मापावर विचारला जातो: आयुष्यात तुम्ही जे करता ते मोलाचं आहे असं कितपत वाटतं? पहिल्या भेटीत त्यांनी तो कोरा सोडला होता. शेवटच्या भेटीत त्यावर बराच वेळ विचार करून सहा लिहिला. गजर चारांवरून एकावर आला आहे. तो त्यांनी ठेवला आहे आणि मी त्याबद्दल काही बोललेले नाही.

सोशल प्रिस्क्रायबिंगच्या पुराव्यांबद्दल शंका घेणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १५ मूल्यमापनं तपासली गेली. बहुतेक लहान होती आणि त्यांची रचना कच्ची होती. दुसऱ्या बाजूला, २०१० च्या एका मोठ्या विश्लेषणात १४८ अभ्यासांमधल्या तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते त्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त दिसली. माणसं माणसाला तारतात याबद्दल मला शंका नाही. दवाखान्यातून चिठ्ठी देऊन ते किती घडवता येतं, हे अजून नीट मोजायला हवं.

माझी काळजी वेगळी आहे. माझा पगार आरोग्यसेवेतून येतो, पण ज्या गटांकडे मी माणसं पाठवते ते देणग्यांवर आणि लहानसहान अनुदानांवर चालतात. मी पाठवलेल्या प्रत्येक माणसागणिक त्यांचं काम वाढतं, पैसा वाढत नाही. माझ्या यादीतले चांगले चालणारे गट हॉलचं भाडं परवडेना म्हणून बंद पडलेले मी पाहिले आहेत. गटच नसतील तर मी माणसं पाठवायची कुठे? लिंक वर्कर नेमताना जेवढा विचार झाला, तेवढाच या गटांचा व्हायला हवा, आणि तो अजून झालेला नाही.

रिपेअर कॅफेच्या हॉलचं भाडं मार्चअखेरपर्यंत भरलेलं आहे. पुढच्या वर्षासाठी कौन्सिलकडे अनुदानाचा अर्ज करायचा आहे. अर्ज अठरा पानी, सोबत जोडायची कागदपत्रं वेगळी. गट चालवणारे गृहस्थ हातात सोल्डरिंग आयर्न आलं की खूश असतात, कागद पाहिला की हबकतात. मी बाईंचं नाव सुचवलं. त्यांनी अर्ज आपल्याकडे ओढून घेतला, शेवटची तारीख पाहिली आणि फोनमध्ये गजर लावला.