लोहियानगरमधली तपासणी

जुलै २०२० संपत आला होता. पुण्यातल्या पाच प्रभागांत कोरोनाचं सेरो सर्वेक्षण, म्हणजे किती जणांना तो होऊन गेला हे रक्त तपासून पाहणं, चालू होतं; आयसर ही विज्ञान संस्था, पुणे विद्यापीठ आणि फरिदाबादची एक संशोधन संस्था मिळून ते करत होत्या. त्या दिवशी रक्त घ्यायला माझी नेमणूक लोहियानगर-कासेवाडी प्रभागात होती.

निवड झालेल्या एका घरातल्या मावशी दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "ताई, पॉझिटिव्ह आलं की ॲम्ब्युलन्स येते, गल्लीला पत्रे ठोकतात. आमचं हातावरचं पोट. नकोच ते."

मी पायरीवरच बसले. म्हटलं, ही नाकातल्या स्वॅबची तपासणी नाही. आज अंगात विषाणू आहे का, ते यात कळतच नाही. मागे कधी तो येऊन गेला असेल, तर त्याच्याशी लढताना शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडीज रक्तात राहतात. तेवढ्याच बघायच्या. यावरून कुणाला उचलून नेत नाहीत.

"पण मला तर साधी कणकणसुद्धा आली नाही."

"म्हणून तर तुमचं रक्त हवंय, मावशी. ज्यांना काहीच झालं नाही ते स्वॅब द्यायला जात नाहीत. मग त्यांची मोजदाद व्हायची कशी?"

त्यांनी बाही वर सरकवली. दुहेरी हातमोज्यांतून शीर लागेना. पट्टा पुन्हा आवळला, मूठ वळायला लावली, तेव्हा कोपराच्या जरा बाहेरच्या बाजूला सापडली. पिवळ्या टोपणाची ट्यूब भरत होती आणि सहकारी फॉर्म भरत होता. संडास घरात की सामायिक, या प्रश्नाला मावशी उसळल्या. "उंबरा ओलांडला नाही हो आम्ही. पण संडासला तर जावंच लागतं ना? तिथे रांग असते."

ऑगस्टमध्ये निष्कर्ष आले. १,६६४ नमुन्यांपैकी ५१.५ टक्क्यांत अँटिबॉडीज होत्या, लोहियानगर-कासेवाडीत ६५.४ टक्के, पाचही प्रभागांत सर्वाधिक. सामायिक संडास वापरणाऱ्यांत प्रमाण ६२.३ टक्के, घरात संडास असलेल्यांत ४५.३. 'वस्तीतले लोक ऐकतच नाहीत' हे त्या काळात इतक्यांदा कानावर पडलं होतं की चीड यायची. मावशींनी सांगितलेलं कारण आता आकड्यांत समोर होतं.

मग आशाताईंमार्फत, म्हणजे वस्तीतल्या आशा आरोग्यसेविकांमार्फत, वस्तीतून विचारणा होऊ लागली, "आता आम्हाला परत होणार नाही ना?" तसा शब्द देता येत नव्हता. संरक्षण किती आणि किती दिवस, हे त्या तपासणीतून कळत नाही. मास्क सोडू नका, असंच सगळ्यांना कळवत राहिले.