गॅसवरच्या फोर्कलिफ्टची टाकी बदलताना

बुटीबोरीच्या गोदामात मी आधी डिझेलची फोर्कलिफ्ट चालवायचो. प्रोपेनवरची गाडी आली तेव्हा चालवणं लगेच जमलं, टाकी बदलायला मात्र शिकावं लागलं. टाकी गोदामात भरायची नसते, परवाना असलेल्या प्लांटमधून भरून येते. सिलिंडरचे हे नियम देशभर राबवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे.

शिकवायला आमचे जुने ऑपरेटर भाऊ होते. त्यांनी आधी विचारलं, "गॅस कुठं आहे, सांग."

"टाकीत."

"अन् नळीत? तो कसा काढशील?"

सगळी मेख तिथंच आहे. गाडी मोकळ्या हवेत, खड्डा-गटारापासून लांब उभी करायची, काटे जमिनीला टेकवायचे, हँडब्रेक ओढायचा. मग इंजिन चालू ठेवूनच टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. नळीतला गॅस जळून इंजिन आपोआप बंद पडतं. त्यानंतर चावी बंद करायची आणि मगच कपलिंगला, म्हणजे टाकी-नळीच्या जोडाला, हात लावायचा. ही पायरी गाळली तर नळीतला द्रव प्रोपेन हातावर येतो. तो उणे ४२ अंशांना उकळतो, कातडी भाजल्यासारखी होते. शिवाय द्रवाचा गॅस झाला की सुमारे २७० पट फुगतो आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. म्हणून गटार टाळायचं आणि विडी-सिगारेट तर जवळपासही नको.

मे अखेरीच्या नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. घामानं हात चिंब होतात, हातमोजे काढून टाकावेसे वाटतात. तेव्हाही ते काढायचे नाहीत, याबाबत मी हट्टी आहे. याच उन्हामुळे टाकी ८० टक्क्यांपर्यंतच भरलेली असावी लागते, कारण तापल्यावर द्रवाला फुगायला जागा हवी. जादाच्या टाक्या सावलीत, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायच्या.

नवी टाकी आडवी बसवताना तिच्या कॉलरचं, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या कड्याचं, भोक गाडीवरच्या खिळीवर नीट बसायला हवं. तसं बसलं तरच सेफ्टी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला, वाफेत राहतो. उलटी बसली तर दाब वाढल्यावर त्यातून द्रवच बाहेर फेकला जाईल. पट्टे आवळायचे, कपलिंगचं रबरी रिंग चिरलेलं नाही ना ते पाहायचं आणि कपलिंग हातानेच घट्ट करायचं. पाना-पक्कड नको.

व्हॉल्व्ह हळू उघडायचा. झटक्यात उघडला तर आतला, जादा प्रवाह रोखणारा दुसरा व्हॉल्व्ह गॅस अडवतो आणि गाडी सुरूच होत नाही. तसं झालं तर बंद करून थोडं थांबायचं आणि पुन्हा हळू उघडायचा. मग जोडावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले, वास आला किंवा पांढरं दव गोठलं तर व्हॉल्व्ह बंद करून सुपरवायझरला बोलवायचं, गाडी सुरू करायची नाही.

काढलेल्या टाकीचा व्हॉल्व्हही बंदच हवा. रिकामी म्हणतो त्या टाकीतही गॅस उरलेला असतो.