‘देफेरीदु’ या एका शब्दात गेलेले 19 दिवस

लिस्बनला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. निघण्याआधी कोल्हापुरात बसून मी एक वही भरली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा पोर्तुगीज अर्थ. वहीचा उपयोग झाला नाही असं म्हणणार नाही, पण माझे 19 दिवस ज्या शब्दात गेले तो त्या वहीत नव्हताच. तो मला इंग्रजीच वाटला, म्हणून मी कुठे शोधलाही नाही. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून सविस्तर लिहिते.

नऊ आकडी कर क्रमांक (इथे त्याला ‘निफ’ म्हणतात), भाडेकरार, बँकेचं खातं, हे सगळं नवऱ्याच्या कंपनीने करून दिलं. माझ्याकडे उरला तो रहिवासी दाखला. लेकीची पाच वर्षांची लस राहिली होती. आरोग्य केंद्रात नाव घालायला गेले तर त्यांनी हा दाखला मागितला. तो ‘जुंता द फ्रेगेझिया’ नावाच्या कचेरीत मिळतो. आपल्याकडच्या वॉर्ड ऑफिससारखं समजा. लिस्बन शहरात अशा 24 फ्रेगेझिया आहेत, आणि आपण राहतो तिथलीच जुंता लागते. आम्हाला त्याच भागाच्या मतदारयादीतले दोन साक्षीदार आणायला सांगितले. वरच्या मजल्यावरचे आजी-आजोबा लगेच तयार झाले.

कचेरीच्या दारावर ‘पुश’ लिहिलेलं. म्हणजे अक्षरं निराळी, पण उच्चार तोच. मी ढकलत राहिले. इथे त्याचा अर्थ ‘ओढा’. ढकलायचं असेल तर ‘एंपुर्र’ लिहितात. आत गेल्यावर बाईंनी विचारलं, ‘‘सेन्या?’’ माझ्या वहीत पासवर्डसमोर सेन्या होतं. कसला पासवर्ड, कुणी दिलाय मला? तो ब्राझीलमधल्या पोर्तुगीजचा अर्थ होता. इथे पासवर्डला ‘पालाव्रा-पास’ म्हणतात आणि सेन्या म्हणजे रांगेचं टोकन, जे दाराशेजारच्या यंत्रातून घ्यायचं असतं.

माझा पहिला अर्ज परत आला. त्यात दोन चुका होत्या. ‘आपेलीदु’ या रकान्यात मी घरी हाक मारतात ते नाव लिहिलं, कारण वहीत तसंच होतं. ब्राझीलमध्ये आपेलीदु म्हणजे टोपणनाव, पोर्तुगालमध्ये आडनाव. दुसरी चूक ‘मोरादा आक्तुआल’ची. मोरादा म्हणजे पत्ता हे मला माहीत होतं. पुढचा शब्द इंग्रजी ‘ॲक्चुअल’ दिसला, म्हणून खरा, कायमचा पत्ता समजून मी कोल्हापूरचा पत्ता घातला. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘सध्याचा’. 1990 च्या शुद्धलेखन करारानंतर या शब्दातलं न उच्चारलं जाणारं अक्षर गळलं, पण जुन्या छापील अर्जांवर ते तसंच दिसतं आणि शब्द अगदी इंग्रजी वाटतो. असो. दुसरा अर्ज नीट भरला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या, अर्ज दिला.

चौथ्या दिवशी मेल आला. त्यात दोनच वाक्यं होती. पहिल्यात म्हटलं होतं की तुमचा अर्ज ‘देफेरीदु’ झाला आहे. दुसऱ्यात, ‘आग्वार्दा लेवांतामेंतु’.

देफेरीदु मी वाचलं आणि मनात आपोआप ‘डिफर्ड’ झालं. म्हणजे अर्ज पुढे ढकलला. आग्वार्दा म्हणजे वाट पाहत आहे. लेवांतामेंतु तेवढा अनोळखी, म्हणून वहीत बघितला. तिथे इंग्रजी ‘सर्व्हे’समोर तोच शब्द होता. झालं. अर्ज पुढे ढकलला आहे, पाहणी व्हायची आहे. कोल्हापूरचा पत्ता घातला होता ना आपण, त्यांना शंका आली असणार, आता कुणीतरी घर बघायला येणार. सगळं इतकं चपखल जुळलं की मला तिळमात्र शंका आली नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो. भाडेकरार, विजेचं बिल, पासपोर्ट एका फायलीत घालून ती चपलांच्या कपाटावर ठेवली, कुणी आलं की लगेच हातात देता यावी म्हणून. मी भाजीला बाहेर पडले की नवरा घरी थांबायचा. दोन वेळा त्याने त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा काढली. लेकीची लसीची ठरलेली तारीख गेली. ती शाळेतून शिंकत आली तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

मेल आल्यापासून दहाव्या दिवशी कचेरीत फोन केला. पलीकडच्या माणसाला थोडं इंग्रजी येत होतं. मी विचारलं, ‘‘डिफर्ड?’’ तो म्हणाला, ‘‘सीं, सीं, देफेरीदु.’’ हो, हो. मी विचारलं, अजून? तो म्हणाला, ‘‘झा इश्ता.’’ झालंय. मला वाटलं, पुढे ढकलणंच झालंय. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन, पुन्हा तेच. त्याने एकदाही सोपं करून सांगितलं नाही, ‘बाई, कागद तयार आहे, येऊन घेऊन जा.’ याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. परदेशी माणूस तोच शब्द पुन्हा पुन्हा विचारतो, तेव्हा त्याला तो कळलेला नाही, एवढं खिडकीपलीकडच्या माणसाने ओळखायला हवं.

एकोणिसाव्या दिवशी जिन्यात आजी भेटल्या. बटाट्यांची पिशवी त्यांच्या हातातून घेतली, तर त्यांनी विचारलं, दाखला मिळाला का? मी फोनवरचा मेल दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून तो वाचला आणि माझा दंड धरला. ‘‘ओ मेनीना! इश्ता प्रोंतु!’’ अगं पोरी, तयार आहे!

देफेरीदु म्हणजे मंजूर. लेवांतामेंतु म्हणजे येऊन घेऊन जाणं. अर्ज मंजूर आहे, तुम्ही कधी नेता याची वाट बघतोय, एवढंच त्या मेलमध्ये होतं.

पिशवी आजींच्या दारात ठेवली आणि तशीच निघाले. खिडकीतल्या बाईंनी खोक्यातून कागद काढला. निळा शिक्का, खाली सही, आणि तारीख मेल आला त्याच दिवसाची. मी ती तारीख बघत तिथेच उभी राहिले. तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात नोंदणी झाली आणि लस टोचून झाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

नंतर शब्दाच्या मुळाशी गेले. पोर्तुगीजमध्ये दोन सख्खे वाटणारे शब्द आहेत. ‘देफेरीर’ म्हणजे मंजूर करणं आणि ‘दिफेरीर’ म्हणजे लांबवणं. फरक एका स्वराचा, आणि इथले लोक तो स्वर इतका गिळतात की कानाला दोन्ही सारखेच लागतात. लॅटिनमध्येही ही दोन वेगळी क्रियापदं होती. इंग्रजीत दोन्ही एकाच रूपात येऊन मिसळले, तिथे घोटाळा झाला. नामंजूरला ‘इंदेफेरीदु’ म्हणतात. तो शब्द दिसला तर मात्र खरंच काळजी करा.

म्हणून माझं सांगणं एवढंच, अनोळखी शब्द आपण शोधतोच, तुम्ही ओळखीचे वाटणारे आधी शोधा. शब्दकोश पोर्तुगालचा आहे की ब्राझीलचा ते तपासा. ‘प्रेतेंद’ दिसलं की ‘प्रिटेंड’ समजू नका, तुमचा काय हेतू आहे असं विचारलेलं असतं. औषधाच्या दुकानात ‘कोंश्तिपादु’ म्हणजे सर्दी झालेला, इंग्रजी ‘कॉन्स्टिपेटेड’सारखा दिसला तरी त्याचा पोटाशी संबंध नाही.

मराठीवरही डोळे मिटून विसंबू नका. बटाटा, अननस, काजू, चावी हे आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आले, बाजारात त्यांची फार सोबत होते. पण ‘पगार’ इथे पैसे देणं, मिळणं नाही. शाकाहारी असाल तर पाकिटावरच्या ‘पेरु’पासून सांभाळा, ते टर्कीचं मांस असतं. आपला पेरू हवा असेल तर ‘गोयाबा’ मागा.

आणखी एक राहिलं. हे लेवांतामेंतु मला कधीच कळायला हवं होतं. इथल्या एटीएमवर पैसे काढण्याला हाच शब्द असतो. पण मी दर वेळी आधी इंग्रजीचं बटण दाबायचे, म्हणून तो समोर आलाच नाही. आता ते बटण दाबत नाही, आणि फोनही पोर्तुगीजमध्येच ठेवला आहे.