एअरलूमचं पोतं : चाळणीने अर्धं कोडं सोडवलं

पॉपरमध्ये (पॉपकॉर्नच्या यंत्रात) भाजत असलेल्या, इथिओपियातल्या येरगाचेफेच्या त्या कॉफी लॉटचा हट्ट अखेर मोडला. तक्रार जुनीच: फर्स्ट क्रॅक (भाजताना दाण्यांची पहिली तडतड) सुरू झाला की संपायचं नाव घेत नाही, बारीक दाण्यांची टोकं करपतात, टपोरे आतून कच्चे. बॅच लहान केली, पंखा कमी-जास्त केला, ढिम्म.

गोम पोत्यातच होती. वर 'एअरलूम', म्हणजे वडिलोपार्जित वाण, छापलंय खरं, पण येरगाचेफेच्या गेडिओ भागात कुरुमे, देगा, वोलिशो हे स्थानिक वाण परसापरसांत मिसळलेले, जोडीला इथिओपियातल्याच जिम्माच्या संशोधन केंद्राचे 74110, 74112 हे वाण. सगळी चेरी (कॉफीची फळं) एकाच वॉशिंग स्टेशनवर, म्हणजे फळं सोलून धुणाऱ्या केंद्रावर, जाते आणि एकत्र वाळते. आकडे 1974 च्या निवडीचे. 1971 मध्ये तिकडे कॉफी बेरी डिसीज शिरल्यावर रोगाला दाद न देणारी झाडं हेरली गेली, त्यातली ही. म्हणजे 'वडिलोपार्जित' म्हणून चढ्या भावाने घेतलेल्या पिशवीत संशोधन केंद्राची रोपं खुशाल असतात! आपल्या चिकमगळूरच्या एस 795 चं उलटं: एकच वाण, पाकिटावर कधी सिलेक्शन 3, इंडोनेशियात जेंबर.

तर उपाय. गोल भोकांच्या दोन चाळण्या, 16 आणि 14 नंबर (नंबर म्हणजे इंचाचे चौसष्टावे भाग, त्यामुळे 14 चं भोक साधारण 5.6 मिमी). अर्ध्या किलोतले 16 वर 130 ग्रॅम राहिले, 14 वर 310, उरलेले खाली गळाले. पॉपरमध्ये 80 ग्रॅमची बॅच, प्रत्येक ढीग वेगळा. मधला ढीग दीड मिनिटात क्रॅक आटोपतो, वजनघट 13 टक्के, रंग एकसारखा. टपोऱ्यांना क्रॅकपर्यंत 40 सेकंद जास्त दिले आणि तो गवताळ वास गेला. फिकट राहिलेले क्वेकर मात्र हातानेच वेचा. ती कच्च्या चेरीची देणगी, चाळणीला दिसत नाही.

आकारावरून वाण ठरवू नका. उंची, खत, पिकलेपण, सगळ्यांनी दाणा बदलतो. म्हणून बरण्यांवर 'कुरुमे' वगैरे लिहायचा बेत रद्द. स्टेशन, हंगाम आणि चाळणी नंबर एवढंच. स्टेशनचं नावही न सांगणाऱ्या विक्रेत्याला 'एअरलूम'चे जादा पैसे देऊ नयेत.

आता लिहिता लिहिता सुचलं: 100 मिली मोजपात्र भरून वजन केलं तर? मधला ढीग 71 ग्रॅम भरला, टपोरा 68. मग वेळ आकाराने लागत होता की घनतेने? खालचा चुरा आधी मोजतो, मगच पॉपर तापवतो.