जेल न धरलेली ट्यूब

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका इंजेक्शनची एंडोटॉक्सिन टेस्ट बसवायचं काम माझ्याकडे आलं. औषधात जिवंत जंतू नाहीत ना हे पाहणाऱ्या स्टेरिलिटी टेस्टला तोवर हात बसला होता: नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, फिल्टर जंतू वाढवणाऱ्या दोन माध्यमांत १४ दिवस उबवत ठेवायचा आणि अधूनमधून उजेडात धरून गढूळपणा शोधायचा. त्यात हे इंजेक्शन स्वच्छ आलं होतं. पण ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, जंतू मरतात, त्यांच्या कवचातलं एंडोटॉक्सिन टिकून राहतं. ते रक्तात गेलं की रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो.

ते शोधायची जेल-क्लॉट पद्धत दिसायला सोपी. हॉर्सशू खेकड्याच्या रक्तपेशींपासून बनवलेला लायसेट आणि नमुना समान घ्यायचा, ३७ अंशांवर ६० मिनिटं ठेवायचा, मग ट्यूब अलगद उलटी करायची. जेल तळाशी घट्ट राहिलं तर एंडोटॉक्सिन आहे. त्या तासाभरात बाथला धक्काही लागू द्यायचा नाही. मोडलेलं जेल पुन्हा जमत नाही.

माझ्या नमुन्याच्या दोन्ही ट्यूब ओघळल्या. मी खुशीत रजिस्टर उघडलं. माझ्या वरिष्ठ मॅडमनी शेजारच्या ट्यूबकडे बोट केलं. “ही बघितलीस?”

ती पॉझिटिव्ह प्रॉडक्ट कंट्रोल होती, त्याच औषधात मुद्दाम एंडोटॉक्सिन घातलेली. तीही पाण्यासारखी वाहिली होती. साध्या पाण्यात घातलेलं एंडोटॉक्सिन मात्र जमलं होतं. म्हणजे लायसेट चांगला, औषधच जेल धरू देत नव्हतं. मी जे ‘नाही’ लिहायला निघाले होते, ते मला ठाऊकच नव्हतं! ही औषधं कुणाच्या तरी शिरेत जातात, या विचाराने पोटात खड्डा पडला.

औषधात ईडीटीए होतं. लायसेटच्या क्रियेला लागणारे धातूंचे आयन ते बांधून टाकतं. सोपा उपाय म्हणजे पातळ करत जाणं. पण हवं तितकं नाही, नाहीतर असलेलं एंडोटॉक्सिनही दिसेनासं होईल. मर्यादा मिलिग्रॅमला ०.५ ईयू (एंडोटॉक्सिन युनिट), औषध मिलिलीटरला १० मिलिग्रॅम, लायसेटची संवेदनशीलता ०.१२५ ईयू प्रति मिलिलीटर. गुणून भागलं की ४० पट, त्यापुढे जायचं नाही.

१० पटीला कंट्रोल अर्धवट, चिकट. २० पटीला दोन्ही कंट्रोल जमले आणि नमुना ओघळला. मॅडमनी कंट्रोलची ट्यूब स्वतः उजेडात उलटी धरली. जेल जागचं हललं नाही. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.